फिनलंडमधलं नवीन पद्धतीचं लॉग केबिन: राहून आल्यावरचा रिव्ह्यू

उन्हाळ्यात मोक्की, म्हणजे तळ्याकाठचं लाकडी घर, भाड्याने घ्यायचा विचार करणाऱ्या हेलसिंकी-एस्पोच्या मराठी मंडळींसाठी लिहितेय. आम्ही जूनमध्ये ताम्पेरेच्या पुढे एक अगदी नवं कोरं लॉग केबिन घेतलं होतं. कंपनीचं नाव देत नाही, कारण बोलायचंय ते डिझाइनबद्दल आणि ते आता बऱ्याच ठिकाणी असंच असतं.

आधी एक सांगते, जायच्या आधी सेउरासारी बघून घ्या. हेलसिंकीतच बेट आहे, पांढऱ्या लाकडी पुलावरून चालत जायचं. १९०९ मध्ये आक्सेल ओलाई हेइकेल यांनी हे ओपन एअर म्युझियम सुरू केलं, गावोगावची जुनी घरं सोडवून इथे आणून परत उभी केलीत, त्यातलं पहिलं म्हणजे कोंगिनकांगासच्या नीएमेला नावाच्या कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, घर. तिथे कोपऱ्याजवळ उभं राहून बघा, ओंडक्यांना खाचा पाडून एकमेकांत असे बसवलेत की टोकं बाहेर आलेली दिसतात, कुऱ्हाडीचे घाव अजून ओळखू येतात आणि दोन ओंडक्यांच्या फटीत मॉस म्हणजे शेवाळ ठासलेलं असायचं, वारा येऊ नये म्हणून. जुन्या धुराच्या घरांना चिमणीच नसायची, चुलीचा धूर खोलीत भरायचा आणि वरच्या झडपेतून जायचा, त्यामुळे आतलं लाकूड वरच्या बाजूला काळंकुट्ट. खिडक्या एवढ्याशा, कारण उष्णता जपायची होती.

आता आमचं केबिन. तळ्याच्या बाजूची भिंत जवळजवळ सगळी काचेची, तिहेरी काच, दुपारी घरात दिवा लावावा लागला नाही. बाकीच्या भिंती लॅमिनेटेड लॉगच्या, म्हणजे अख्खा ओंडका नाही तर पाइनच्या जाड फळ्या एकमेकांना चिकटवून केलेला आणि मशीनवर खाचा पाडलेला, म्हणून मोठ्या भेगा पडत नाहीत. कोपरे एकदम सपाट, टोकं बाहेर नाहीत, शहरात शेजारी घर असलं तरी शोभेल असं. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे जुन्या पद्धतीचं लॉगचं घर वाळता वाळता खाली बसतं, मीटरभर उंचीमागे दोन-तीन सेंटिमीटरसुद्धा, त्यामुळे खिडकीच्या वर मुद्दाम फट ठेवून ती मऊ इन्सुलेशनने भरतात आणि खांबाखाली स्क्रू जॅक, म्हणजे फिरवून उंची कमी करता येणारा टेकू, लावतात. नवीन, खाली न बसणाऱ्या लॉगमध्ये मधल्या फळ्या उभ्या घालतात, मग ही भानगड जवळजवळ राहत नाही, म्हणूनच एवढी मोठी काच बसवता येते!!

आत हवा खरंच छान होती, लाकडाचा वास आणि आवाज घुमत नाही. फिनलंडमधल्याच पुदासयार्वी गावात जुन्या शाळांच्या बुरशीला कंटाळून २०१६ मध्ये अख्खी शाळाच लॉगची बांधली, ते का केलं असेल हे इथे राहून पटलं. थंडीचं म्हणाल तर नियमात साध्या भिंतीला यू-व्हॅल्यू (भिंतीतून किती उष्णता बाहेर जाते त्याचं माप, जेवढं कमी तेवढं चांगलं) ०.१७ धरतात, जाड लॉगच्या भिंतीला ०.४० चालते, म्हणजे नुसत्या लाकडातून जास्त उष्णता जाते, ती कसर छत, फरशी आणि हीटिंगमध्ये भरून काढतात.

आता जे आवडलं नाही ते. छपराला पागोळ्या पडायला बाहेर आलेली कडा जवळपास नाहीच, एकदम बॉक्ससारखं, फोटोत भारी दिसतं पण खालचे लॉग पावसाने करडे पडायला लागलेत, एवढ्या नव्या घराचे. जुन्या लोकांनी रुंद छप्पर आणि दगडाचा पाया उगाच नव्हता केला, भिंत कोरडी राहिली की घर टिकतं. सेउरासारीतलं १६८६ चं कारुना चर्च बघा ना, लाकडीच आहे. आणि जूनमध्ये रात्री अंधारच होत नाही, त्यात काचेच्या भिंतीला पडदे नाहीत, पोरं बारापर्यंत जागी, माळ्यावर गरम व्हायचं ते वेगळंच. सौना, म्हणजे गरम वाफ घ्यायची खोली, बाथरूमला लागून इलेक्ट्रिकची, चालते, पण तळ्याकाठी लाकडावर पेटवलेल्या वेगळ्या सौनाची सर नाही.

५ पैकी ४ स्टार, एक स्टार छप्पर आणि पडद्यांसाठी कापला. बुक करताना तीन गोष्टी विचारा: भिंत खऱ्या लॉगची आहे की वरून नुसतं पॅनल, बेडरूमला ब्लॅकआउट पडदे आहेत का, सौना कशावर चालते. चादरी-टॉवेल आणि शेवटची साफसफाई बऱ्याचदा भाड्यात धरलेली नसते, तेही आधीच विचारून घ्या. आणि सेउरासारीतली घरं आतून उन्हाळ्यातच उघडी असतात, सप्टेंबरनंतर गेलात तर बाहेरूनच बघून यावं लागेल.