सेन्सरवरचा भंडारा: क्लीनिंग किट वर्षभर वापरल्यावर

कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी आतली चिप, साफ करायच्या या किटमध्ये चार वस्तू आहेत: हवा मारायचा रबरी ब्लोअर, टोकाला जेलचा चौकोनी तुकडा असलेली काडी, 24 मिमी रुंदीचे सीलबंद स्वॅब (पुसायच्या सपाट टोकाच्या काड्या) आणि मिथेनॉल या अल्कोहोलची छोटी बाटली. माझा कॅमेरा फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस, म्हणून 24 मिमी. एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरसाठी 16 मिमीचे घ्यायचे. वर्षभरात ब्लोअरचे पैसे केव्हाच वसूल झाले, जेलची काडी अधूनमधून कामी आली, आणि स्वॅबचं पाकीट फोडायची वेळ जितकी कमी येईल तितकं बरं, या मतावर मी आले आहे. जाहिरातीत मात्र सगळी हवा स्वॅबचीच.

माझ्या कॅमेऱ्याचे हाल जरा जास्तच होतात, हे आधीच सांगते. जेजुरीची सोमवती, जोतिबाची चैत्र यात्रा, पुण्यातलं विसर्जन, असली माझी ठिकाणं. भंडारा आणि गुलाल उधळला जात असताना लेन्स काढू नये, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. पण दुसरी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) परवडत नसेल तर भिंतीकडे तोंड करून, ओढणीच्या आडोशाला लेन्स बदलावीच लागते. मिररलेसमध्ये पुढे आरसा नाही. लेन्स निघाली की सेन्सर उघडा. काही कॅमेरे बंद केल्यावर शटर मिटून घेतात. कॅननने 2018 च्या ईओएस आर मध्ये ही सोय दिली होती. माझ्याकडच्या मॉडेलात ती नाही.

किट मागवण्याआधी सेन्सर खरंच मळलाय का ते बघा, कारण लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ फोटोत सहसा दिसतच नाही. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/22, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, फोकस मॅन्युअलवर टाकून पार बिघडवायचा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा. शटर उघडं असताना कॅमेरा मुद्दाम हलवायचा. भिंतीचे पोपडे, सावल्या सगळं पुसट होतं आणि जे राखाडी ठिपके जागचे हलत नाहीत ती तुमची धूळ. ती प्रत्यक्षात पिक्सेलवर नसते, त्यांच्या पुढ्यातल्या फिल्टरच्या काचेवर असते. म्हणून अ‍ॅपर्चर लहान केलं की तिची सावली रेखीव पडते आणि एफ/2.8 ला विरून जाते. फोटोत ठिपका वर डावीकडे असेल तर समोरून माउंटमध्ये (लेन्स बसवायच्या तोंडात) बघताना तो खाली डावीकडे शोधायचा. डावं-उजवं तेच राहतं, वर-खाली उलटतं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी शोधाशोध वाचते.

आता ब्लोअर. कॅमेऱ्याचा माउंट जमिनीकडे करून धरायचा, नळीचं टोक आत न घालता बाहेरूनच जोरात दाबायचं. कोरडी धूळ बहुतेक वेळा एवढ्यावरच जाते. या ब्लोअरला मागच्या बाजूला हवा आत घेणारी झडप आहे, हीच त्याची खरी किंमत. झडप नसलेले स्वस्त ब्लोअर नळीतूनच हवा परत ओढतात, म्हणजे जी धूळ उडवली तीच पोटात घेऊन पुन्हा सेन्सरवर मारतात. कॉम्प्युटर साफ करायचा हवेचा डबा तर लांबच ठेवा. त्यातला द्रव काचेवर उडाला की डाग पडतो. आणि तोंडाने फुंकणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

कॅमेऱ्यातली स्वतःची सफाई, म्हणजे फिल्टर थरथरवून धूळ झटकणं, ऑलिंपसच्या ई-1 मध्ये 2003 ला आली आणि आता बहुतेक कंपन्या ती देतात. सुक्या धुळीला ती बरी. भंडाऱ्याला ती दाद देत नाही. हळदीत तेलाचा अंश असतो, त्यात दमट हवा. कण चिकटून बसतो. ब्लोअरने निम्मे कण उडतात, उरलेल्यांना जेल. काडी काचेवर नुसती टेकवायची आणि सरळ वर उचलायची, घासायची अजिबात नाही. मग ती सोबतच्या चिकट कागदावर दाबायची. पहिल्यांदा कागदावर पिवळे टिंब उमटलेले पाहून मला आनंदच झाला. पण काही सेन्सरवरच्या लेपाला काही प्रकारची जेल मानवत नाही, तेव्हा आपल्या मॉडेलचं नाव सांगून विक्रेत्याकडून खात्री करूनच घ्या.

स्वॅब सगळ्यात शेवटी. हळदीचा रंग अल्कोहोलमध्ये विरघळतो, त्यामुळे कण न उडवता थेट ओला स्वॅब फिरवलात तर ठिपक्याचा पट्टा होणार. आणि सोबत वाळूचा कण असला तर तो काचेवर रेघ ओढत जाणार. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, कॅमेरा क्लीनिंग मोडवर हवा. डीएसएलआरमध्ये (सेन्सरपुढे आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) बॅटरीने मधेच मान टाकली तर आरसा स्वॅबवरच येऊन आदळेल. सेन्सर हलणारा असेल, म्हणजे बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरायची सोय) असेल, तर हात आणखी हलका. टोकावर दोन थेंब, ते मुरायला थोडा वेळ, मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच फेरी; स्वॅब पालथा करून उलट फेरी; आणि थेट कचऱ्यात. द्रव जास्त झाला तर कडेला वाळल्याचे ओघळ राहतात. तिसरा थेंब टाकायचा मोह होतो, कारण बाटलीचं तोंडच असं बेंगरूळ आहे की थेंब आपल्या हिशेबाने पडत नाही. किटमधली ही एकच गोष्ट मला खरोखर खटकली.

सगळी घाण बाहेरूनच येते असंही नाही. निकॉनचा 2012 चा डी600 आठवत असेल; नव्या कोऱ्या कॅमेऱ्यांच्या फोटोंत ठिपके दिसू लागले आणि 2014 मध्ये कंपनीने तपासणी, सफाई आणि शटर बदलून देणं फुकट जाहीर केलं. पुसल्यावर ठिपके त्याच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा येत असतील तर स्वॅबवर पैसे घालवू नका, सर्व्हिस सेंटर गाठा.

लग्नाचे, पोर्ट्रेटचे फोटो एफ/2.8 च्या आसपास काढणाऱ्यांनी नुसता चांगला ब्लोअर घ्यावा, पूर्ण किटची गरज नाही. कासच्या पठारावर एफ/16 ला आभाळ आणि फुलं एकाच फ्रेममध्ये घेणाऱ्यांना मात्र प्रत्येक ठिपका आभाळात दिसेल. त्यांनी जेलसकट घ्यावं. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, म्हणून खिडकी उघडी ठेवूनच वापरायचं, बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही. विमानाने जाताना ती घरीच राहणार, ना हँडबॅगेत चालते ना चेक-इनमध्ये. प्रवासात ब्लोअर आणि जेलवरच भागवावं लागतं, आणि आजवर भागलंय.