लँबो फील्डची टूर : स्टार क्वार्टरबॅक गेल्यावर काय करायचं ते इथे कळतं

पाचपैकी पाच स्टार, आधीच सांगून टाकतो. लँबो फील्ड म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या ग्रीन बे पॅकर्स या टीमचं स्टेडियम. बाबा साताऱ्याहून आलेत, आम्ही राहतो अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटनला, तिथून ग्रीन बे गाडीने अर्धा-पाऊण तास. मी स्वतः याआधी दोनदा ही टूर केलीये, पण यावेळी बाबांना घेऊन गेलो आणि परत येताना गाडीत आम्ही फक्त एकाच विषयावर बोलत होतो, टीमचा हुकमी एक्का गेला की त्याच्या जागी माणूस आणायचा कसा. म्हणून हा रिव्ह्यू जरा मोठा होणार आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, स्टेडियम गावाच्या बाहेर कुठेतरी माळावर नाहीये, वस्तीत आहे. रस्त्यापलीकडे साधी घरं, मॅचच्या दिवशी तीच माणसं आपल्या अंगणातल्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावू देतात. गावाची लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर आणि स्टेडियमची कपॅसिटी ८१ हजारांच्या वर! बाबा खाली उतरल्यावर आधी पुतळ्यांपाशी गेले, टीम सुरू करणारा कर्ली लँबो आणि साठच्या दशकातला कोच विन्स लोंबार्डी, मग विचारलं मालक कोण. एकटा मालक असा कुणीच नाही, १९२३ पासून ही टीम लोकांच्या मालकीची आहे, पाच लाखांच्या वर शेअरहोल्डर, डिव्हिडंड शून्य, शेवटचे शेअर निघाले तेव्हा एकाची किंमत ३०० डॉलर होती आणि लोकांनी ते घेऊन फ्रेम करून भिंतीवर लावले. बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्याकडच्या सहकारी संस्थेसारखं." मी म्हटलं जवळजवळ तसंच.

आमची गाईड साधारण सत्तरीची बाई होती, बाबा तिला मनातल्या मनात आजी म्हणत असणार पण तिच्याहून तेच मोठे निघाले. आवाज खणखणीत, पाठ केलेलं बोलत नव्हती. एका दुसऱ्या शहरातल्या स्टेडियमची टूर मी मागे केली होती, नाव घेत नाही, तिथे तासभर फक्त महागडे बॉक्स दाखवले, खेळाबद्दल एक शब्द नाही. इथे तसं अजिबात नाही, इथे गाईड तुम्हाला खेळाडूंच्या टनेलमधून नेते, स्पीकरवर प्रेक्षकांचा आवाज सोडतात, आणि टनेलच्या तोंडाशी जमिनीत जुन्या टनेलचा काँक्रीटचा तुकडा जपून बसवलाय, ज्यावरून लोंबार्डीच्या काळातले खेळाडू धावत मैदानात जायचे. बाबांनी तिथे चपला काढाव्या का असं विचारलं, खरंच विचारलं. बूट होते पायात, पण त्यांचा हात खाली गेला होता. गवताला मात्र हात लावायचा नाही, कडेला उभं राहून बघायचं.

टनेलमधून बाहेर आलं की समोर वर भिंतीवर नावं आणि नंबर दिसतात, जे नंबर परत कुणाला देत नाहीत ते. त्यात १५ नंबर बार्ट स्टार आणि ४ नंबर ब्रेट फार्व, दोघे क्वार्टरबॅक. बाबांनी विचारलं हा क्वार्टरबॅक म्हणजे नक्की काय, कॅप्टन का? मी सांगितलं, बॉल प्रत्येक वेळी आधी त्याच्या हातात येतो, कोचचा आवाज त्याच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर येतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो, त्यापुढे समोरच्या अकरा जणांची रचना बघून काय करायचं ते त्याने एकट्याने ठरवायचं, आणि बॉल हातात आल्यावर मिळतात जेमतेम अडीच-तीन सेकंद. असा माणूस गेला की टीम लंगडी होते, क्रिकेटमध्ये एक बॅट्समन गेला तर बाकीचे दहा असतात, इथे तसं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ती हॉल ऑफ फेममध्ये बघायला मिळते, म्हणून तिकीट काढताना टूर आणि हॉल ऑफ फेम दोन्ही एकत्र घ्या. तिथे चार सुपर बोल ट्रॉफ्या आहेत (सुपर बोल म्हणजे लीगची फायनल), लोंबार्डींचं ऑफिस उभं केलंय, लोक तिथे फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही जाऊ नका, काळ बघत बघत चाला, कारण सगळ्यात शिकण्यासारखा भाग ट्रॉफ्यांच्या मधल्या रिकाम्या वर्षांत आहे.

स्टार शेवटचं खेळला १९७१ ला. मागे कुणी तयारच केलेला नव्हता. १९७४ मध्ये कोच आणि जनरल मॅनेजर दोन्ही असलेल्या डॅन डिव्हाइनने काय केलं तर रॅम्स या टीमकडून जॉन हॅडल हा क्वार्टरबॅक घेतला, वय ३४, आणि बदल्यात दिल्या पाच ड्राफ्ट पिक, दोन पहिल्या राउंडच्या, दोन दुसऱ्या, एक तिसऱ्या. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून येणारी नवी पोरं निवडायचा हक्क, तोच विकला. हॅडलने दीड सीझनमध्ये ९ टचडाउन टाकले (म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास) आणि २९ वेळा बॉल समोरच्यांच्या हातात दिला. आणि ज्या पिक दिल्या त्या १९७५ आणि १९७६ च्या होत्या, तेव्हा डिव्हाइन स्वतः टीममध्ये नव्हताच, तो १९७४ चा सीझन संपल्यावर निघून गेला. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ज्याची खुर्ची हलतीये त्याच्या हातात पुढच्या वर्षांच्या किल्ल्या देऊ नका, तो आजचा रविवार जिंकायला बघणार. लोकांच्या मालकीची टीम असून हे झालं, म्हणजे नुसत्या मालकीने काही होत नाही, निर्णय घेणारा माणूस कोण ते बघावं लागतं.

मग रॉन वुल्फ जनरल मॅनेजर म्हणून आला. त्याने १९९२ ला अटलांटाकडून फार्वला पहिल्या राउंडची पिक देऊन आणलं, ज्या पोराने तोवर चार पास टाकले होते, एकही आपल्या माणसापर्यंत गेला नाही आणि दोन समोरच्यांनी पकडले! सप्टेंबरमध्ये तेव्हाचा क्वार्टरबॅक मॅजकोव्स्की याला दुखापत झाली, फार्व आत आला, सिनसिनाटीविरुद्ध १३ सेकंद उरलेले असताना मॅच काढली, आणि पुढच्या आठवड्यापासून ग्रीन बेसाठी सलग २५३ मॅच सुरुवातीपासून खेळला. पण लोक फार्वची गोष्ट सांगतात आणि वुल्फची विसरतात. फार्व एक मॅच चुकवत नव्हता तरी वुल्फ नवे क्वार्टरबॅक आणतच राहिला, मार्क ब्रुनेल, मॅट हॅसलबेक, एरन ब्रुक्स. सगळे दुसऱ्या टीममध्ये जाऊन स्टार्टर झाले, हॅसलबेक तर सिअ‍ॅटलला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. दुकानात एक माल खपतोय म्हणून मागचं गोडाऊन रिकामं ठेवायचं नाही, हे तो माणूस पाळत होता.

२००५ ला फार्व ३५ चा, अजून जोरात, आणि नवा जनरल मॅनेजर टेड थॉम्पसनने ड्राफ्टमध्ये २४ व्या नंबरवर एरन रॉजर्स घेतला. तीन वर्षं बाकावर. त्या तीन वर्षांत नुसतं बसवून ठेवलं नाही, त्याची बॉल धरायची पद्धत बदलली, कॉलेजमध्ये तो बॉल कानापाशी उंच धरायचा ती खाली आणली. २००८ ला फार्व रिटायर होतो म्हणाला, मग परत येतो म्हणाला, टीमने त्याला न्यूयॉर्क जेट्सला देऊन टाकलं. गाव पेटलं होतं. त्या उन्हाळ्यात याच मैदानावर काहींनी रॉजर्सची हुर्यो केली. पहिला सीझन ६ जिंकले १० हरले. थॉम्पसन जागचा हलला नाही, आणि २०११ च्या फेब्रुवारीत पिट्सबर्गला ३१-२५ हरवून ट्रॉफी आली.

इथे बाबा थांबले. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं होते, हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. म्हणाले, "आमच्याकडे म्हातारा मिस्त्री होता, इंजिनचा आवाज ऐकून सांगायचा काय बिघडलंय. तो जायच्या आधी मला त्याच्या हाताखाली दिलं, मला वाटलं मला पाना पण धरू देत नाहीत. दोन वर्षं मी नुसता ऐकत होतो." एवढंच बोलले आणि पुढच्या काचेकडे गेले. ही गोष्ट मी घरात कधी ऐकली नव्हती.

२०२० ला पुढचा जनरल मॅनेजर ब्रायन गुटेकुन्स्टने तेच केलं तेव्हा मी प्रचंड चिडलो होतो. टीम १३ जिंकून ३ हरून सुपर बोलच्या एक पाऊल अलीकडे हरलेली, सगळ्यांना चांगला रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारा, पाहिजे होता, आणि याने एक जास्तीची पिक देऊन २६ व्या नंबरवर जॉर्डन लव्ह घेतला. रॉजर्सने त्यानंतर लागोपाठ दोन एमव्हीपी (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) मिळवले तेव्हा तर मला वाटलं पिक वाया गेली. आज म्हणतो माझं चुकलं. लव्ह तीन वर्षं बसला, २०२२ ला टॉम क्लेमेंट्स परत आला, तोच क्वार्टरबॅक कोच ज्याने रॉजर्सला सुरुवातीला घडवलं होतं, म्हणजे हात तोच. २०२३ च्या एप्रिलमध्ये रॉजर्स जेट्सला गेला, त्याच्या कराराचे सुमारे ४ कोटी डॉलर त्या वर्षीच्या सॅलरी कॅपवर, म्हणजे टीमच्या पगाराच्या मर्यादेवर, बसले, टीम लीगमधली सगळ्यात तरुण, रिसीव्हर सगळे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे, डब्स, वॉटसन, रीड, विक्स. बाहेरून कुणी म्हातारा स्टार आणला नाही, पोरांना लव्हबरोबर चुकू दिलं. लव्हने ३२ टचडाउन टाकले आणि प्लेऑफमध्ये डॅलसला त्यांच्या घरात ४८-३२ ठोकलं.

इतर टीमचं बघा. कोल्ट्सचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक २०१९ च्या ऑगस्टमध्ये सीझन तोंडावर असताना अचानक रिटायर झाला, तो धक्का होता, समजू शकतो, पण २०२० पासून तीन वर्षं रिव्हर्स, मग वेंट्झ, मग मॅट रायन, दरवर्षी नवीन वापरलेली गाडी. पेट्रियट्सकडे त्यांचा स्टार क्वार्टरबॅक ब्रेडीच्या मागे गारोपोलो होता, २०१७ ला तो दुसऱ्या टीमला दिला, २०२० ला ब्रेडी पण गेला आणि टँपाला जाऊन त्याच सीझनला सुपर बोल जिंकला, पेट्रियट्स ७-९. तिकडे ब्रेडी असताना गारोपोलोला अजून किती धरून ठेवणार होते हा प्रश्न आहे, मान्य, कारण आता ड्राफ्टमधून आलेल्या पोराचा करार चार वर्षांचा असतो, पहिल्या राउंडचा असेल तरच पाचवं वर्ष टीमच्या मर्जीवर, तीन वर्षं बसवला तर त्याची स्वस्तातली वर्षं बाकावर संपतात. लव्हचं तेच झालं, खेळायला लागून एक सीझन होतोय तोवर २२ कोटी डॉलरचा चार वर्षांचा करार करावा लागला. तरी माझं मत, ही किंमत परवडते. पाच-सहा वर्षं भटकण्याची परवडत नाही.

बाकी टूरबद्दल, आतच १९१९ किचन अँड टॅप आहे, तळलेले चीज कर्ड्स घ्या, गरम असतानाच खा, बाबांना पनीर भजीची आठवण आली आणि त्यांनी अर्धी प्लेट संपवली. वेळा वेबसाईटवर बघूनच निघा, मॅचच्या आसपास नेहमीसारखं नसतं. चालणं आणि उभं राहणं बरंच आहे पण बाबा ७४ चे, आरामात केलं. हॉल ऑफ फेमला किमान दीड तास ठेवा.

निघताना प्रो शॉपमध्ये बाबांनी १० नंबरची, लव्हची जर्सी हातात घेऊन उलटसुलट करून शिवण बघितली, आणि विचारलं याच्या मागे आता कोण शिकतोय. परतीचं तिकीट ऑगस्टचं आहे, गाडीत बसल्यावर म्हणाले सीझन सप्टेंबरला सुरू होतो ना, बघ पुढे ढकलता येतंय का.