ओव्हरटेकिंगचे दोन उपाय: डीआरएस आणि २०२२ची नियमावली

फॉर्म्युला वनमध्ये पुढच्या गाडीने विस्कळीत केलेली हवा मागच्या गाडीचा डाउनफोर्स (तिला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर) हिरावून घेते आणि वेगवान चालकही वळणांवर मागे अडकून पडतो. या दुखण्यावर दोन निरनिराळे उपाय योजले गेले.

२०११मध्ये आलेल्या डीआरएसने (ड्रॅग रिडक्शन सिस्टिम), पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असलेल्या चालकाला ठरावीक पट्ट्यांत मागच्या पंखाची फळी उघडून हवेचा अवरोध घटवण्याची मुभा दिली. ओव्हरटेकिंग वाढले खरे, पण लांब सरळ पट्ट्यावर पुढच्या चालकाला बचावाची संधीच उरेनाशी झाली की ती झुंज राहत नाही, केवळ क्रमबदल होतो.

२०२२च्या नियमांनी मुळालाच हात घातला: गाडीच्या तळाखालील बोगद्यांतून अधिक डाउनफोर्स निर्माण करून मागच्या गाडीला जवळ राहता यावे, असा आराखडा सक्तीचा केला. हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. मात्र नवी नियमावली ज्या संघाला आधी उमगते, त्याचेच फावते. २०२३मध्ये रेड बुलने २२पैकी २१ शर्यती जिंकल्या. सिंगापूर तेवढे फेरारीच्या कार्लोस साइन्झने हिरावले. पुढच्याच वर्षी, नियमांचा गाभा तोच असताना, इतर संघांनी अंतर भरून काढले आणि सात चालक विजेते ठरले. म्हणजे चुरस वाढवण्यात नियमांच्या स्थैर्याचाही वाटा होता. डीआरएस मात्र या काळातही, २०२५पर्यंत, कायम ठेवावा लागला.