जुन्या फ्रॉकचा कापडी बेल्ट नाशकात करून घ्यायचा तर

पन्नास-साठच्या दशकातल्या फ्रॉकला कमरेशी दोन्ही बाजूंना धाग्याचे बारीक लूप असतात आणि बेल्ट मात्र नसतो, हे ठरलेलंच. बेल्ट सुटा, त्यामुळे आधी तोच हरवतो. देवळाली कॅम्पातल्या एखाद्या जुन्या ट्रंकेतून निघालेला फ्रॉक असो, नाहीतर प्री-वेडिंगच्या फोटोंसाठी मुद्दाम शिवलेला रेट्रो ड्रेस, त्याच कापडानं मढवलेला बेल्ट नाशकात तयार मिळत नाही. करून मिळतो, पण एका दुकानात सगळं होईल ही आशा सोडा. बकल एकीकडे, भोकं दुसरीकडे आणि पट्टी घरी, अशी विभागणी केली तरच काम नीट उतरतं.

सगळ्यात चांगला अनुभव बटणं मढवून देणाऱ्यांचा. मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार या पट्ट्यातल्या मॅचिंग सेंटरमध्ये विचारलं की जवळचा बटणवाला कळतो. हातदाबाच्या मशीनवर पत्र्याच्या टोपीत कापड बसवून बटण समोर करून देतात. माप ‘लाइन’मध्ये सांगायचं; ४० लाइन म्हणजे १ इंच. फ्रॉकच्या पुढच्या बटणांना बहुधा २४ लाइन, म्हणजे साधारण १५ मिलिमीटर, शोभतं. या कामात बोट दाखवायला जागा नाही.

बकलचं मात्र तसं नाही. बटणाला साचा असतो. बकलला चौकटीभोवती कापड हातानं गुंडाळून चिकटवावं लागतं आणि घाई झाली की ते दिसतं. कापड जाड असेल तर कोपऱ्यात गोळा होतं, पातळ असेल तर आतला पत्रा डोकावतो. पातळ कापडाला आधी हलकं फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर, लावून न्या. तुकडा उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापा, म्हणजे गोल कडेवर सुरकुत्या पडत नाहीत. रेशीम किंवा फिकट क्रेप असेल तर सोल्यूशन (चिकटवायचा रबरी गोंद) लावू देऊ नका. त्याचा डाग आज दिसत नाही, काही महिन्यांनी पिवळा होऊन वर येतो. त्याऐवजी मागच्या बाजूनं बारीक टाके घालून घ्या. ‘टाइम लागेल’ असं ऐकायला मिळेल. लागू द्या.

बकलचं माप घेताना बाहेरची रुंदी सांगायची नाही. पट्टी जिथून जाते ती आतली रुंदी मोजायची आणि ती पट्टीपेक्षा ३ मिलिमीटर जास्त हवी. मढवल्यावर कापडाच्या जाडीनं आतली जागा आणखी कमी होते, म्हणून चौकट निवडतानाच थोडी मोठी घ्यावी. सव्वा इंची पट्टीला नेमकी सव्वा इंची चौकट घेतली, तर बेल्ट बकलमध्ये चुरगळत जातो आणि कडा पहिल्यांदा तिथेच विरते.

पट्टी किती रुंद असावी याचं उत्तर फ्रॉकवरच असतं. धाग्याचा लूप वरपासून खालपर्यंत मोजा, त्यातून पाव इंच वजा करा. मूळ बेल्ट साधारण तेवढा होता. कापड विटलेलं असेल तर कमरेला गडद रंगाचा आडवा पट्टाही सापडतो, बेल्टखाली झाकून राहिलेला. लूपमध्ये न मावणारा दोन इंची बेल्ट ‘फॅशनमध्ये आहे’ म्हणून गळ्यात मारणारे बुटीकवाले भेटतील. त्यांना नमस्कार करावा आणि पुढे जावं.

आता आतला ताठपणा. बेल्ट बिघडतो तो बहुतेक इथेच. मॅचिंग सेंटरमध्ये बेल्टसाठी काही मागितलं की समोर खळीचा बकरम, म्हणजे खळ देऊन कडक केलेलं जाड कापड, येतो. हाताला कडक, दिसायला झकास. पण त्याचा ताठपणा खळीचा असतो, त्यामुळे एका धुण्यात किंवा पावसाळ्यातल्या घामानं तो मऊ पडतो आणि बसल्यावर बेल्ट मधोमध दुमडतो. बॅगवाल्यांकडची प्लास्टिकच्या धाग्याची पट्टी धुण्यात टिकते, मात्र कडक इस्त्रीखाली वितळून कापडाला चिकटते. सगळ्यात भरवशाची जोडी म्हणजे शर्टाच्या कॉलरचा चिकट कॅनव्हास दोन पदरी, किंवा त्याच्या दोन पदरांमध्ये सुती निवार, म्हणजे जाड विणीची पट्टी. पँटच्या कमरेत शिंपी घालतात ती तयार पट्टी हव्या रुंदीत मिळाली तर तीही चालते. निवार आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटते आणि वरचं कापड फुगतं.

लांबी: फ्रॉक घालून कमर मोजायची आणि ७ इंच वाढवायचे. कमर २८ असेल तर पट्टी ३५. बकलकडे साधारण इंचभर दुमडीत जातं, बाकीचं टोक पुढे येतं.

कापडाची पट्टी उभ्या धाग्यातच कापा. आडव्या धाग्यात ती ओढ घेते. रुंदी बेल्टच्या दुप्पट अधिक १ इंच, म्हणजे सव्वा इंची बेल्टला साडेतीन इंच. कापड उलटं करून कॅनव्हासभोवती गुंडाळायचं आणि मशीनच्या चेन लावायच्या फूटनं कॅनव्हासच्या अगदी कडेनं शिलाई मारायची, पण कॅनव्हास शिलाईत पकडायचा नाही आणि एक मिलिमीटर सैल ठेवायचं. हा मिलिमीटर विसरला की सुलट केल्यावर कॅनव्हास आत शिरतच नाही, आणि ओढाताणीत टोक फाटतं. मग माया (शिलाईबाहेरचं कापड) पाव इंच ठेवून कापा, शिलाई मागच्या बाजूच्या मधोमध आणून उघडी इस्त्री करा, कॅनव्हास बाहेर काढा. टोकाची आडवी किंवा त्रिकोणी शिलाई मारून पट्टी सुलट करा. कॅनव्हासचं टोकही त्याच आकारात कापून टोकाकडून आत सरकवा. वरून शिलाई मारू नये, असं आमचं मत. तशी शिलाई चामड्याच्या बेल्टला शोभते. मऊ क्रेपवर ती कापड खेचून बारीक लाटा उठवते.

मूळ कापड आणायचं कुठून? जुन्या फ्रॉकच्या घेराच्या दुमडीत बऱ्याचदा अडीच-तीन इंच कापड असतं. ते काढून तिथे दुसऱ्या कापडाची पट्टी आतून लावता येते. साडेतीन इंच भरत नसेल तर बेल्टची फक्त पुढची बाजू मूळ कापडाची करा. तिला सव्वादोन इंच पुरतात, मागे मॅचिंग रुबिया, म्हणजे ब्लाउजचं कापड. दुमडीतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघेल, हे धरून चाला. पॉपलीनच्या फ्रॉकला टू बाय टू रुबिया बऱ्यापैकी जुळते, क्रेपला नाही. रंग जुळला तरी चमक वेगळी पडते. आणि रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका, तागा दारापर्यंत आणायला सांगा. अनुभवी दुकानदार न सांगताच आणतो, दुकान पारखायची हीच खूण.

भोकं काज-बटणवाल्याकडे किंवा बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे. पाच भोकं, एकेक इंचावर, मधलं नेमकं कमरेच्या मापावर. भोकाच्या कडेला धातूचे आयलेट, म्हणजे बारीक कड्या, लावायचे असतील तर पितळीच मागा. लोखंडी आयलेट एका पावसाळ्यात गंजतो आणि त्याचा तांबूस डाग कापडातून जात नाही. आयलेट ठोकण्याआधी भोकाच्या जागी आतून कॅनव्हासचा जास्तीचा तुकडा हवा, नाहीतर बकलची काडी ओढली की आयलेट कापडासकट निघतो. कापड नाजूक असेल तर हातानं काजटाक्याचं गोल भोक करून घ्या, किंवा बिनकाडीचं सरकतं बकल निवडा आणि आतून प्रेस बटण लावा. भोकांचा प्रश्नच मिटतो.

कॉलेज रोडवरच्या दुकानांत तयार बेल्ट खूप दिसतात, ते या कामाचे नाहीत. रेक्झिनचे बेल्ट कपाटात पडल्या पडल्या सोलतात आणि इलॅस्टिकचे फ्रॉकचा घेर वर उचलतात. ऑनलाइन मिळणारे बकल मढवायचे संच ठीक आहेत, पण मागवताना आतली रुंदी लिहिली आहे का ते बघा. फोटोवरून माप कळत नाही.

जायचं तर सकाळी, दुकानं उघडल्या उघडल्या. लग्नसराईत दुपारनंतर मेन रोडवर गाडी लावायला जागा नसते आणि बटणवाल्यासमोर ब्लाउजांचा ढीग असतो. फ्रॉक सोबत न्या, नुसता तुकडा नको. पैसे आधी ठरवा: बकल मढवण्याचे वेगळे, चौकटीचे वेगळे, आयलेटचे नगावर. आणि उरलेल्या चिंध्या परत मागून घ्या, पुढेमागे बकल पुन्हा मढवायला तेवढं कापड लागतंच.