गरम बॉनेटची गाडी

पहिली जुनी गाडी घेताना फसलेल्यांना विचारलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आम्ही पोचलो तेव्हा गाडी चालूच होती." तुम्ही येणार म्हणून एसी लावून ठेवला, आत्ताच एक चक्कर मारून आलो, असं काहीतरी कारण विकणाऱ्याकडे तयार असतं. इंजिन मऊ चालतं, धूर नाही, बॉनेटखाली सगळं लखलखीत. सौदा होतो. मग पंधरा-वीस दिवसांनी एका थंड सकाळी चावी फिरवली की दोन-तीन सेकंद खडखडाट होतो, मागून निळा लोट निघतो आणि मेकॅनिक सांगतो, इंजिन खोलावं लागेल.

फसवणूक तापवण्यातच होती. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल खाली उतरून बसलेलं असतं, आणि त्या पहिल्या काही सेकंदांत इंजिन आपले दोष स्वतःहून सांगतं. टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारी साखळी) ताणली गेली असेल किंवा तिला ताठ ठेवणारा टेन्शनर थकला असेल, तर ऑइलचा दाब येईपर्यंत चेन वाजते. व्हॉल्व्हजवळ ऑइल अडवणारे रबरी सील कडक झाले असतील, तर रात्रीत झिरपलेलं ऑइल पहिल्याच झटक्यात जळतं आणि निळा धूर येऊन विरतो. पिस्टन आणि तो ज्यात सरकतो त्या बोअरमधली फट वाढली असेल, तर ठकठक ऐकू येते. पिस्टन तापून फुगला की ती बंद. डिझेल गाडीत थंड इंजिनाला ऊब देणारे हीटर प्लग गेले असतील, तर स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो आणि पांढरा धूर येतो. दहा मिनिटं तापवलेल्या इंजिनात यातलं बहुतेक काही उरत नाही.

म्हणून गाडी थंडच बघायची, आणि ते विकणाऱ्याच्या शब्दावर सोडायचं नाही. बॉनेटवर आणि सायलेन्सरच्या तोंडाजवळ हात न्यायचा. त्याहून पक्की खूण गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर देतो: चावी ऑन करून, इंजिन चालू न करता, कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचायचं. गाडी खरंच रात्रभर उभी असेल तर दोन्ही आकडे जवळपास सारखे दिसतात. कूलंट 55 अंश आणि हवा 28, म्हणजे कुणीतरी इंजिन चालवून ठेवलंय.

तोच स्कॅनर आणखी एक गोष्ट उघडी करतो, आणि ती बहुतेकांना माहीत नसते. बिघाडाचे कोड पुसले की डॅशबोर्डवरचा दिवा विझतो. पण त्याबरोबर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, 'अपूर्ण' होतात. त्या पूर्ण व्हायला थंड स्टार्ट, शहरातलं आणि महामार्गावरचं चालणं, असं सगळं घडावं लागतं. बऱ्याच गाड्यांत 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' हाही आकडा मिळतो. तो 9 किलोमीटर असेल तर विकणाऱ्याच्या पुढच्या गप्पा ऐकायची गरज नाही. (बॅटरी काढून लावली तरी बऱ्याच गाड्यांत हेच दिसतं. नवी बॅटरी खरोखर बसवली असेल तर गोष्ट वेगळी. मग आठवडाभराने पुन्हा बघा.) चावी ऑन केल्यावर इंजिनचा दिवा लागतो का, हेही पाहायचं. लागलाच नाही, तर तो गेलाय किंवा कोणीतरी बंद केलाय.

दुसरी चाल ऑइलची. बेअरिंग झिजलं की इंजिन तापल्यावर, ऑइल पातळ झाल्यावर खालून जड ठोके येतात आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, ऑइलचा दाब घसरतो. त्यावर उतारा म्हणून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडपेक्षा जाड ऑइल किंवा घट्ट करणारं द्रव्य भरतात. म्हणून गाडी नुसती थंड बघूनही भागत नाही. निदान अर्धा तास चालवून, पूर्ण तापवून, आयडलिंगला कान द्यायचा. विकणारा दाखवतो ती अवस्था या दोन्हींच्या मधली, कोमट असते. डिझेल गाडीची ऑइल मोजायची पट्टी ओढली आणि ऑइल मधासारखं निघालं, तर खूश होऊ नका: डिझेलमध्ये नवं ऑइल बहुधा थोड्याच दिवसांत काळं पडतं, म्हणजे ते नुकतंच बदललंय.

चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून भोकावर तसंच ठेवायचं. किंचित थरथर चालते. पण झाकण उडायला लागलं आणि धुराचे झटके येऊ लागले, तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला वायू खाली गळतोय; पिस्टनच्या रिंगा गेल्या. चढावर जोर दिला की निळा धूर येत असेल तरी संशय रिंगांवर. उतारावर पाय सोडून पुन्हा दाबताना येत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलवर किंवा गाइडवर (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी), आणि ते काम बरंच हलकं.

हेड गॅस्केटची (इंजिनचा माथा आणि सिलिंडर यांच्यातल्या पातळ सीलची) लबाडी सगळ्यात महाग पडते. कूलंटमध्ये गळती बुजवणारं द्रव्य ओततात; ते गरम जागी घट्ट होऊन काही आठवडे तग धरतं आणि जाताना हीटरच्या बारीक नळ्याही तुंबवतं. टाकीत गढूळपणा, चकचकणारे कण, तळाशी गाळ दिसतो. रेडिएटरचा वरचा रबरी पाइप थंड असतानाच, स्टार्ट केल्यावर मिनिटभरात दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. गॅस तपासण्याचं निळं द्रव पेट्रोल इंजिनवर पिवळं झालं की शंका उरत नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. आणि ऑइलच्या झाकणाखाली साय दिसली म्हणून लगेच गॅस्केट गेलं असं समजू नका. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही धरते.

गाडी पसंत असेल तर पैसे देण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते, मोजून घ्या. सगळे स्पार्क प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. साध्या पेट्रोल इंजिनात साधारण 140 ते 200 पीएसआय (दाबाचं माप) दिसतं, पण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा: दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, पंचवीसच्या पुढे गेला तर सोडा. कमी दाब दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा. नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलेलं असण्याचा संभव जास्त.

"हे इंजिन कधी मरत नाही" हे वाक्य तर विकणाऱ्यांचं पाठच असतं. नावाजलेलं इंजिनही ऑइल वेळेवर न बदलल्याने मरतं. पहिल्या गाडीसाठी टर्बो नसलेलं, साध्या इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन आम्ही आधी सुचवतो, कारण त्यात बिघडायला कमी आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनात इंधन व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे तिथे कार्बन साचतो. रोज चार-पाच किलोमीटरच जायचं असेल तर काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं डिझेल नको. फिल्टर जळून साफ व्हायला लागणारी उष्णताच मिळत नाही. चेनऐवजी टायमिंग बेल्ट असेल तर तो बदलल्याची पावती हवी, तारीख आणि किलोमीटरसकट. पावती नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा आणि तो खर्च किमतीतून वजा करायला सांगा. बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

शेवटी धुतलेलं इंजिन. गळतीच्या वाटा दाखवणारी धूळच धुऊन टाकलेली असते. म्हणून चाचणीची फेरी संपली की गाडी सपाट जागी लावून इंजिन आधी पाच मिनिटं आयडलिंगला ठेवा, मग बंद करून दहा मिनिटं थांबा. टॉर्च घेऊन खाली वाका, सम्पच्या (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीच्या) कडा आणि गिअरबॉक्सचा जोड बघा, आणि मग पुन्हा स्टार्ट मारा.