कोपराची नस आणि करंटची टेस्ट : सात महिन्यांनंतर

कोल्हापूरच्या गुजरीत सोनारकाम करतो. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवायची आणि साजाची पानं जोडत बसायचं, पंचवीस वर्षं हेच. गेल्या पावसाळ्यात उजव्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाच्या अर्ध्या बाजूला मुंग्या यायला लागल्या. दिवाळीच्या गर्दीत चिमटा हातातून सुटायला लागला, तेव्हा मात्र घाबरलो.

नसेतून संदेश किती वेगानं जातो ते करंट देऊन मोजायची पहिली टेस्ट वाया गेली. रिपोर्ट नॉर्मल! मनगटावर आणि कोपराच्या खाली करंट दिला, कोपराच्या वर दिलाच नव्हता, आणि नस दबलेली कोपरातच. शिरोलीच्या पुलावर गाड्या तुंबल्यात आणि पोलीस दसरा चौकात उभा राहून मोजतोय, असला प्रकार. पैसे गेले ते गेलेच.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी मशीन लावलंच नाही. अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला लावला आणि ओढला. माझ्या अंगठ्याचं टोक आपोआप दुमडलं, म्हणजे या नसेचा स्नायू कमजोर, त्याचं काम दुसराच करतोय. "बघा, चोरी पकडली," म्हणाले.

टेस्ट डिसेंबरात होती, हात गारठलेला. गार हातात वेग उगाच कमी दिसतो म्हणून टेक्निशियन ताईंनी आधी गरम पाण्याची पिशवी दिली. मग कोपर वाकवून ठेवायला लावलं. सरळ ठेवलं तर नस आत सैल पडते आणि टेपचं माप चुकतं. पेनानं ठिपके काढले, कोपराच्या खालून वर दहा सेंटिमीटर. करंट दिला की करंगळी टुणकन उडायची. कोपराखाली वेग सेकंदाला ५७ मीटर, कोपर ओलांडताना ३९. तिथं ५० च्या वर हवा.

सुईची टेस्ट दुखते, खोटं कशाला बोलू. अंगठ्याच्या बेचक्यात सुई, आणि वर म्हणायचं जोर लावा! पण हात सैल सोडल्यावर मशीन गप्प राहिलं. म्हणजे नस दबलीय, सुकली नाही, ऑपरेशनची घाई नको, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तेव्हापासून रात्री कोपराला टॉवेल गुंडाळून झोपतो, म्हणजे हात दुमडत नाही. पहिले पंधरा दिवस टॉवेल सकाळी पायाशी सापडायचा, मग घरच्यांनी इलॅस्टिक शिवून दिलं. टेबलाच्या कडेला फोम चिकटवलाय. मे महिन्यात परत मोजलं तर ४६. मुंग्या रात्रीच्या गेल्या, चिमटा सुटत नाही. फोन कानाला लावून गिऱ्हाईक भाव विचारत बसलं की करंगळी अजून बधिर होते, म्हणून आता फोन डाव्या हातात.