तांब्याची बाटली घेताना आधी तिचं तोंड बघा

एक लिटरची तांब्याची बाटली घ्यायला हरकत नाही, फक्त खोक्यावर छापलेल्या यादीवर जाऊ नका. वजन घटतं, थायरॉइड ताळ्यावर येतो, सांधेदुखी जाते, यांपैकी कशालाही भक्कम आधार नाही. बाटली एक काम मात्र नक्की करते: भरून ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मारते. तेही सवड दिली तरच.

बेंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. पाण्यात मुद्दाम कॉलरा, टायफॉइड, हगवण यांसारख्या रोगांचे जंतू सोडले आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यात नेहमीच्या तापमानाला १६ तास ठेवलं. त्यानंतर तपासणीत जिवंत जंतू सापडले नाहीत. पाण्यात उतरलेलं तांबं लिटरमागे साधारण ०.१८ मिलिग्रॅम होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅम आहे. तांब्याचे आयन हळूहळू पाण्यात उतरतात, जंतूंचं बाहेरचं आवरण फाडतात आणि आतली प्रथिनं निकामी करतात. याला तास लागतात. म्हणून दुपारी ऑफिसात बाटली भरून तासाभरात रिकामी केली तर ती स्टीलच्या बाटलीइतकंच काम करते. फ्रिजमध्ये ठेवल्यावर हे सगळं आणखी मंदावतं. संध्याकाळी सातला भरा, सकाळी अकरानंतर प्या. दिवसभर हेच पाणी हवं असेल तर दोन भांडी आलटूनपालटून वापरा.

या बाटलीने गढूळपणा, क्षार, फ्लोराइड, नायट्रेट यांतलं काहीही जात नाही. पावसाळ्यात नळाला मातकट पाणी येत असेल तर आधी गाळा, उकळा, गार करा आणि मग भरा. शरीराला तांबं मिळावं म्हणून बाटली घेत असाल, तर लिटरमागच्या ०.१८ मिलिग्रॅमवरून हिशोब करा: मोठ्या माणसाची रोजची गरज १ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ३० ग्रॅम काजूतच ०.६ मिलिग्रॅमच्या आसपास तांबं असतं.

आता वस्तूकडे वळू. बहुतेक बाटल्यांचा खरा दोष त्यांचं तोंड हा आहे. चार-पाच सेंटिमीटरच्या तोंडातून हात जात नाही, खांद्याचा आतला वळसा घासला जात नाही, आणि हिरवट थर धरतो तो नेमका तिथे आणि झाकणाच्या आट्यांत. आट्यांत थेंबभर पाणी अडकून राहतं, हवा लागते आणि दोन-तीन आठवड्यांत हिरवी कड दिसते. आतला काळा-तपकिरी डाग म्हणजे साधं ऑक्साइड, त्याला घाबरायचं कारण नाही. हिरवं दिसलं तर मात्र साफ केल्याशिवाय पाणी भरू नका. ते तांब्याचे क्षार पोटातल्या आम्लात विरघळतात आणि मळमळ, उलटी होऊ शकते.

साफ करायचं ते असं: अर्धं लिंबू पिळा, चमचाभर मीठ आणि अर्धी वाटी पाणी घाला, झाकण लावून दोन मिनिटं जोरात हलवा, मग तीन वेळा विसळा. आट्यांना चिंचेचा कोळ जुन्या टूथब्रशने लावा. झाकणातली सिलिकॉनची रिंग काढून वेगळी धुवा. बाटली उघडी, पालथी ठेवून पूर्ण वाळवा. आठवड्यातून एकदा पुरे. लिंबूपाणी रात्रभर आत ठेवून देणं ही सर्रास होणारी चूक आहे, त्याने धातूच झिजतो. तारेच्या घासणीने ओरखडे पडतात आणि पुढचा डाग तिथेच बसतो.

विकत घेताना लोहचुंबक लावून बघतात. चिकटलं तर तांबं नव्हे हे खरं, पण बऱ्याच स्टीललाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. आत टॉर्च मारा. आतून पांढरट चकाकी दिसली तर बाहेरून मुलामा दिलेलं स्टील आहे. आत लाखेचा पारदर्शक थर असेल तर पाणी तांब्याला लागतच नाही. बाहेरून लाख चालते, आतून नको.

ताक, लिंबू सरबत, सोडा, फळांचा रस या बाटलीत कधीही भरू नका. पितळेच्या भांड्यात दही कळकतं हे आपल्याकडे घरोघरी माहीत होतं, म्हणूनच स्वयंपाकाच्या भांड्यांना कल्हई आणि पाण्याच्या घागरीला नाही, असा रिवाज पडला. दुधाचं तर फार सांभाळायला हवं. दुधातलं केसिन हे प्रथिन तांबं धरून ठेवतं. लहान मुलांचं यकृत झपाट्याने निकामी करणारा एक आजार पूर्वी भारतात दिसायचा. कल्हई नसलेल्या पितळ-तांब्याच्या भांड्यांत तापवलेलं, साठवलेलं दूध तान्ह्या बाळांना देणं हे त्याचं संभाव्य कारण म्हणून १९८३ मध्ये पुण्यातल्या अभ्यासातून पुढे आलं. तेव्हा बाळाच्या दुधाची पावडर कालवायला या बाटलीतलं पाणी घेऊ नका. विल्सन रोग असलेल्यांनी बाटली घेऊच नये, त्यांच्या शरीरातून तांबं बाहेर पडत नाही.

बाटली बॅगेत न्यायची नसेल, घरीच ठेवायची असेल, तर तिच्याऐवजी रुंद तोंडाचा तांब्या किंवा छोटी कळशी झाकणासकट घ्या. हात आत जातो, तळ दिसतो, आटे नसतात. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हाताने मठारलेली भांडी मिळतात. हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि सहज चेपत नाही. बाटल्यांवर दिसणारे तसेच ठिपके बहुधा साच्याने उमटवलेले असतात, पाण्याला त्याचा काही फरक पडत नाही. प्रवासासाठी बाटलीच हवी असेल तर तोंड निदान सहा सेंटिमीटरचं आणि अंग बिनजोडाचं बघून घ्या.